पेचकसकाका आणि बंद डबा

काकांच्या शर्टाच्या खिशात पेन कधीच नसायचं. तिथे स्क्रू फिरवायचा पेचकस असायचा, पिवळ्या मुठीचा, टोकाला लोहचुंबक असलेला. लिहायची वेळ आली की ते समोरच्याकडे पेन मागायचे आणि परत द्यायला हमखास विसरायचे. पेचकस मात्र त्यांनी कधी कुणाच्या हाती दिला नाही. एकदा एका लग्नाच्या पंगतीत डोक्यावरचा पंखा खडखडतोय म्हणून हा माणूस अर्ध्या जेवणातून उठला, खुर्चीवर चढला आणि पंखा खाली उतरवूनच पुन्हा पानावर बसला. नवरीच्या बापानं हात जोडले, "काका, आज तरी राहू द्या." काका म्हणाले, "पंख्याला काय माहीत आज लग्न आहे?"

बुरहानपूरच्या बुधवारा मोहल्ल्यात त्यांचं दुकान होतं. पुढे दुरुस्तीचा ओटा आणि मागे लांबट खोली. खोलीत नऊ पीसी, तासाच्या भाड्यानं गेम खेळायला. नऊच्या नऊ काकांनी स्वतः जोडलेले आणि प्रत्येकाची एक बाजू उघडी. आतले पंखे, वायरी, कार्डं सगळं दिसायचं. पत्र्याची झाकणं भिंतीला टेकवून ठेवलेली असत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "झाकण ठेवलं की पोरं स्क्रीन पाहतात. झाकण काढलं की पोरं विचारतात."

मी अकरावीत असताना पहिल्यांदा तिथे गेले. आत आठ मुलगे बसले होते. मी दारात उभी राहिले तशी सगळी खोली माझ्याकडे वळली. एक जण म्हणाला, "काका, ये लडकी आयी है." काका ओट्यावरून न उठता म्हणाले, "तर मग? मशीनला विचार, तिला फरक पडतो का." मग माझ्याकडे पाहून, "नऊ नंबरवर बस पोरी. त्याचा माऊस जरा नखरे करतो, पण मशीन इमानदार आहे."

माझं घर पत्रकांचं. बाबा पॉवरलूमवर कामाला आणि कामगारांच्या युनियनमध्ये. मला अक्षरओळख झाली तीच पत्रकांच्या घड्या घालता घालता. 'कामगार बंधूंनो' हे दोन शब्द मी 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी वाचले असतील. त्यामुळे काकांच्या दुकानात जे मला दिसलं ते इतरांना दिसत नव्हतं, असा माझा ठाम समज होता. मुलांना तिथे गेम दिसायचे. मला लढा दिसायचा.

आणि लढा होताच. पीसी आणि कन्सोल यांच्यातला. टीव्हीला जोडून खेळायच्या त्या कन्सोलला काका नुसतं 'डबा' म्हणायचे.

त्या लढ्याचा सगळा इतिहास काकांनी स्वतःच्या हातानं उघडून पाहिलेला होता. त्यांच्या तरुणपणी बुरहानपूरात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आला. वर खाचेत कॅसेट खुपसायची, चाललं नाही तर काढून फुंकर मारायची. "तेव्हा डबा फार पुढे होता," काका सांगायचे. "पीसी म्हणजे काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. ऑफिसात टायपिंग करी राहिलेला बाबू. त्याच्याशी कोण खेळणार?" मग सीडी आली, रंग आले, आणि ग्राफिक्स कार्ड नावाची पट्टी आली. ती पट्टी बसवली की कालचा बाबू आज पैलवान. डबा मात्र जसा आला तसाच राहायचा, पाच-सहा वर्षांनी नवा डबा येईपर्यंत. तेवढ्या काळात पीसी पुढे निघून जायचा. मग नवा डबा यायचा, स्वस्तात, आणि एका उडीत पीसीला गाठायचा. "हे असंच चालतं," काका म्हणायचे. "एक रोज थोडं चालतो. दुसरा झोपतो आणि एकदम उडी मारतो."

दुकानाबाहेर एक फळा होता. त्यावर काका रोज सकाळी खडूनं लिहायचे, आज कोण पुढे. चार ओळी: चित्र, वेग, भाव, दुरुस्ती. समोर 'पीसी' किंवा 'डबा'. स्वतः पीसीचे भक्त असूनही फळ्यावर त्यांनी कधी लबाडी केली नाही. भावाच्या ओळीत वर्षानुवर्षं 'डबा' लिहिलेलं असायचं आणि ते लिहिताना त्यांचा चेहरा पराभूत सेनापतीसारखा व्हायचा. दुरुस्तीच्या ओळीत मात्र कायम 'पीसी'. ती ओळ ते पुसून पुन्हा तीच लिहायचे, रोज, नव्या आनंदानं.

दुरुस्तीचा मुद्दा आमच्या गावात साधा नाही. बुरहानपूरच्या हवेत कापूस आहे. पॉवरलूम चालतात तिथून तंतू उडतात, ते खिडकीतून, दारातून, भिंतीतूनसुद्धा आत येतात की काय असं वाटावं. यंत्राचा पंखा हवा ओढतो तसा कापूसही ओढतो. सहा महिन्यांत आत गादी तयार होते, मग यंत्र तापतं, मग बंद पडतं. पीसी उघडा, ब्रश मारा, चालू. डब्याचे स्क्रू मात्र असे चमत्कारिक की साधा पेचकस बसतच नाही, आणि वरून स्टिकर: हे फाडलंत तर वॉरंटी संपली.

हा स्टिकर मला सहन व्हायचा नाही. आजही होत नाही. माणूस पैसे मोजून वस्तू घेतो आणि तिच्या आत पाहायची त्यालाच बंदी! मालकाच्या कुलपाला गिऱ्हाइकाचं संरक्षण म्हणायचं, ही युक्ती मी बाबांच्या पत्रकांतून पुरती ओळखून होते. मी काकांना म्हटलं, "काका, हा वर्गसंघर्ष आहे."

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "कुठे आहे?"

"डब्यात. बंद डबा म्हणजे मालकशाही. उघडा पीसी म्हणजे लोकशाही."

"असं?" ते पंख्यातून कापसाचा बोळा ओढून काढत होते. तो त्यांनी माझ्या हातावर ठेवला. "मग ही कोणती शाही?"

असे बोळे ते फेकत नसत. ओट्यामागच्या फळीवर लोणच्याच्या बरण्या होत्या आणि बरण्यांत कापूस. प्रत्येकीवर मोहल्ल्याचं नाव. लालबाग, शनवारा, बुधवारा. रंगारखान्याजवळच्या घरांतला कापूस निळसर असायचा, काही ठिकाणचा पांढरा, स्टेशनकडचा काळा. आणलेलं यंत्र उघडलं की काका आधी कापसाकडे बघायचे. एकदा एका माणसानं विकायला कॉम्प्युटर आणला, म्हणाला, माझाच आहे, शनवाऱ्यातला. काकांनी झाकण काढलं, बोट फिरवलं आणि म्हणाले, "साहेब, हा शनवाऱ्यात कधी राहिलाच नाही. निळा आहे आतून." माणूस चहा पिऊन येतो म्हणून गेला तो गेलाच. कॉम्प्युटर ज्याचा होता त्याच्याकडे तिसऱ्या दिवशी पोचला.

काका एकटे होते. लग्न केलं नाही. आईवडील लवकर गेले तेव्हा धाकटा भाऊ सहा वर्षांचा होता, त्याला त्यांनी वाढवलं. तो भाऊ मी पाहिला तेव्हा पंचेचाळिशीचा, टक्कल पडलेला, दोन मुलींचा बाप. पण काका त्याला छोटूच म्हणायचे, आणि म्हणून आम्ही छोटूकाका. दुकान दोघांच्या नावावर. वरच्या मजल्यावर छोटूकाकांचा संसार, त्यातच काकांचं ताट. छोटूकाकांनी कोणता विषय घ्यावा, कुणाशी लग्न करावं, स्कूटर कोणती घ्यावी, हे सगळं काकांनी ठरवलं होतं, प्रेमानंच. छोटूकाका हो म्हणायचे आणि गल्ल्यावर बसायचे.

पण लॉकडाऊननंतर छोटूकाकांनी पहिल्यांदा 'नाही' म्हटलं.

पोरांची गर्दी घटली होती. जुन्या पीसींवर नवे गेम चालत नव्हते, आणि नवी ग्राफिक्स कार्डं त्या काळात सोन्याच्या भावाला गेलेली. कुठे कुठे लोक म्हणे त्याच कार्डांवर दिवसरात्र आभासी नाणी बनवत होते, म्हणून आमच्या वाट्याला कार्डं येत नव्हती. यावरही मी एक पत्रक लिहिलं होतं, पण ते कुणी वाचलं नाही. छोटूकाकांनी इंदूरच्या ओळखीतून एक नवा कन्सोल आणला, ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, "दादा, पीसी काढू. सहा डबे लावू, मोठे टीव्ही, सोफे. पोरं येतील."

काकांनी त्या डब्याकडे पाहिलंच नाही. "स्क्रू कसले आहेत त्याला?"

"स्क्रूला कोण विचारतो दादा! खेळायला मजा येते का ते पाहतात लोक."

"मग लोकांनाच विचारू."

अशी पडद्याआडची परीक्षा ठरली. रविवारी सकाळी मागच्या खोलीत दोन सारखे टीव्ही लावायचे. मागे पडदा. पडद्यामागे एकीकडे डबा, एकीकडे पीसी. पीसी डब्याच्याच किमतीत जोडलेला, सगळे भाग नवे, जुन्या बाजारातला एकही नाही. हा नियम काकांचाच, आणि त्या वर्षीच्या भावात तो त्यांचाच गळा धरणारा. दोन्हीकडे एकच गाड्यांच्या शर्यतीचा गेम, सारख्याच जॉयस्टिक. येईल त्यानं दोन्हीकडे एकेक शर्यत खेळायची आणि चिठ्ठीवर लिहायचं, डावा की उजवा. डबा जिंकला तर दुकान छोटूकाका म्हणतील तसं. पीसी जिंकला तर नऊच्या नऊ राहतील आणि छोटूकाका पुन्हा विषय काढणार नाहीत.

मी लगेच पत्रक काढलं. 'बुधवाऱ्यातील खेळाडू बंधू-भगिनींनो! बंद डब्याच्या गुलामीला नकार द्या!' दोनशे प्रती. काकांना कळलं तशी त्यांनी मला दुकानाबाहेर उभं केलं.

"किती वाटली?"

"चाळीस."

"जा, परत घेऊन ये."

"काका, मी तुमच्यासाठी..."

"माझ्यासाठी का? यंत्रासाठी बोलायचं तर यंत्र बोलेल. तू का बोली राहिली मध्ये?"

मी घरोघर फिरून माझीच पत्रकं परत मागितली. त्याहून लाजिरवाणी गोष्ट माझ्या हातून तोवर झाली नव्हती. काकांनी त्या दोनशे प्रती कापल्या आणि त्यांच्या कोऱ्या बाजूच्या मतदानाच्या चिठ्ठ्या केल्या. "कागद चांगला आहे," म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी आम्ही तिघांनी मांडामांड केली. काका, छोटूकाका आणि मी. पडद्याला मांजरपाट बाबांच्या कारखान्यातून मीच आणलं होतं. पीसी डावीकडे ठेवला, डबा उजवीकडे. हे तिघांनी पाहिलं.

आणि घरी जाता जाता मी ते केलं. माझ्या वर्गातला दीपक निंबोल्याचा, केळीच्या बागायतदारांचा मुलगा. तो आणि त्याचे मित्र रविवारी मत द्यायला येणार होते. मी त्याला फोन केला. "दीपक, डाव्या बाजूला लिहायचं. सगळ्यांनी."

"का पण? खेळून पाहू ना आधी."

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तुझं प्रत्येक वेळी तत्त्वच असतं यार," तो म्हणाला. "ठीक आहे, नऊ जण आहोत. डावा."

मला जराही अपराधी वाटलं नाही. हे नीट लिहून ठेवते, कारण पुढे मला त्याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटलं. मी कारखान्यांच्या मालकांना मतं फिरवल्याबद्दल शिव्या घालत मोठी झाले होते, आणि स्वतः तेच करताना मला ते कर्तव्य वाटलं.

रविवारी साठ लोक आले. निंबोल्याची मंडळी दोन मोटारी भरून. छोटूकाकांचे मित्र, मित्रांची मुलं. एक निवृत्त तलाठी केवळ फुकट चहा आहे म्हणून आले आणि उजव्या टीव्हीवर तीन शर्यती खेळले, उठायलाच तयार नव्हते. वर छोटूकाकांच्या मुली चहा करून करून वैतागल्या. काका स्टुलावर बसले होते, हात मांडीवर, डोळे जमिनीकडे. स्क्रीनकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्यांच्या चेहऱ्यावरून कुणालाही क्षणात कळलं असतं कुठे काय आहे.

चिठ्ठ्या तलाठ्यांनी मोजल्या. डावा तेहतीस, उजवा सत्तावीस.

मी उडीच मारली. काका पहिल्यांदा हसले, माझ्या उडीला. मग उठून त्यांनी पडदा ओढला.

डावीकडच्या टीव्हीची वायर उजवीकडच्या डब्याला गेली होती.

मला वाटलं, माझी नजर चुकतेय. काका शांतपणे सांगत होते, "काल रात्री आपण तिघांनी जागा पाहिल्या होत्या. पाहिलेलं तोंडातून सुटतं. म्हणून सकाळी तुम्ही यायच्या आधी मी नाणं उडवलं. छापा पडला तर वायरी बदलायच्या, असं ठरवलं होतं. छापा पडला." मग ते छोटूकाकांकडे वळले आणि हात पुढे केला. "जिंकलास छोटू."

छोटूकाकांनी हात धरला, पण ते नीट हसले नाहीत. दादासाठी वाईट वाटत असेल, असं मला तेव्हा वाटलं. माझ्या कानात एकच आकडा वाजत होता. नऊ. तेहतिसातून नऊ गेले की चोवीस. पीसीला सत्तावीस. मीच काकांना हरवलं होतं.

पंधरा दिवस मी त्या गल्लीतून गेले नाही. सोळाव्या दिवशी गेले. पुढे सोफे आले होते, जांभळे. काका मागच्या खोलीत जमिनीवर बसून नऊ पीसी सुटे करत होते. प्रत्येक भाग वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर नंबर लिहीत होते, माझ्याच कधीतरी नेलेल्या पेननं.

मी सगळं सांगून टाकलं. दीपक, फोन, नऊ जण. रडत रडत. काकांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. संपल्यावर विचारलं, "नऊच ना? दहा नाही?"

"नऊ."

"निंबोल्याचे नऊच्या नऊ डाव्याला? कुणी फुटला नाही?"

"दीपकनं शपथेवर सांगितलंय."

ते पेन खाली ठेवून बोटांवर मोजत बसले. मग त्यांचा चेहरा असा उजळला की मी रडायची थांबले. "म्हणजे पीसी जिंकला होता!" ते म्हणाले. "त्या भावात, तसल्या टुकार कार्डावर! पोरी, म्हणजे मी जोडलेला तो..." वाक्य तसंच सोडून ते उठले, चपला घातल्या, मला घेऊन जिलेबीवाल्याकडे गेले आणि गरम मावा जिलेबी मागवली. शेजारी उभ्या असलेल्या दोन अनोळखी माणसांनाही दिली. त्यांनी कशाबद्दल म्हणून विचारलं तर म्हणाले, "एक निकाल लागला."

माझा जीव मात्र शांत होत नव्हता. "काका, मी छोटूकाकांना सांगते. पत्रकही काढते. मी लबाडी केली असं स्वतःच्या नावानं लिहिते. मतदान पुन्हा घ्या. दुकान तुमचं आहे."

"गप."

"खरं लपवणं म्हणजे..."

"गप म्हटलं ना. जिलेबी खा." त्यांनी बोटाचा पाक पुसला. "त्याच्या सोफ्याचा रंग पाहिला?"

"भयंकर आहे."

"भयंकर आहे! एवढा वाईट रंग माणूस स्वतःच निवडतो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं काही स्वतः निवडलं. मी त्याला पेन्सिलसुद्धा निवडू दिली नव्हती. आता तू त्याला जाऊन सांगणार की बाबा, तेही तुझं नाही?" थोडं थांबून म्हणाले, "मला खरं कळलं, पुरे झालं. मी आहे तोवर त्याला सांगायचं नाही."

मी वचन दिलं. माझ्या तत्त्वात ते बसत नव्हतं, आणि तरी दिलं.

त्यानंतरची तीन वर्षं काका छोटूकाकांच्या जांभळ्या सोफ्यांमागे, जुन्या ओट्यावर बसत. बुरहानपूरच्या कापसानं डब्यांना सोडलं नव्हतं. पहिला डबा तापून बंद पडला तेव्हा त्यांनी चमत्कारिक स्क्रूंसाठी पेचकस मागवला, स्टिकर फाडला आणि डबा उघडला. मी समोर होते. बराच वेळ ते आत पाहत राहिले.

"काय झालं काका?"

"अगं, आत तर पीसीच आहे." त्यांनी पेचकसानं एकेक दाखवलं. "हा आपलाच प्रोसेसर, त्याच खानदानातला. हे तसलंच ग्राफिक्स. ही तीच एसएसडी. एवढी वर्षं मी कुणाशी भांडत होतो?"

"म्हणजे पीसीनं डबा आतून जिंकला!" मी म्हटलं.

"तुला कुणीतरी जिंकायलाच लागतं," ते म्हणाले, आणि ब्रश घेऊन कापूस काढायला लागले.

जॉयस्टिकची बटणं, अडकलेल्या डिस्क, पोरांनी सांडलेलं सरबत, सगळं ते निस्तरत. जवळच्या चांदनी गावाहून रेल्वेनं पोरं आपले बिघडलेले डबे घेऊन यायची. फळ्यावर दुरुस्तीच्या ओळीत त्यांनी एक दिवस 'दोघे' असं लिहिलं. मी हरकत घेतली. "उघडता येतो म्हणजे उघडू देतात असं नाही काका. स्टिकर अजून आहेच." त्यांनी विचार केला, 'दोघे' पुसलं आणि पुन्हा 'पीसी' लिहिलं. "बरोबर आहे," म्हणाले. माझा एवढा एकच मुद्दा त्यांनी कधी मान्य केला असेल.

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. दहाव्यानंतर छोटूकाकांनी मला बोलावलं. "बेटा, दादावर चार ओळी लिहून दे. छापून वाटू. तुला येतं ते."

दुकान बंद होतं. आम्ही दोघं सोफ्यावर बसलो. कागद समोर होता आणि मला एक अक्षर लिहिता येईना. काका आहेत तोवर, एवढंच वचन होतं. मी पेन खाली ठेवलं आणि छोटूकाकांना सगळं सांगितलं. निंबोल्याचे नऊ, डावा, तेहतिसातून नऊ गेले की चोवीस.

ते ऐकत राहिले. मग डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "मी आठ जणांना सांगितलं होतं."

"काय?"

"उजवा म्हणून. डबा उजवीकडे होता ना शनिवारी. माझे मित्र, त्यांची पोरं, आठ जण. दादानं वायरी बदलल्या आणि माझे आठ पीसीला पडले." ते खिन्न हसले. "तलाठीसाहेब त्यातलेच."

मी कागदावर आकडे मांडले. डब्याचे तेहतीस, त्यातले माझे नऊ गेले, चोवीस. पीसीचे सत्तावीस, त्यातले त्यांचे आठ गेले, एकोणीस. प्रामाणिक मतं मोजली तर डबाच जिंकला होता. काका ज्या आनंदात गेले तो आनंद अर्ध्या हिशोबाचा होता.

"तुम्ही त्यांना का नाही सांगितलंत?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"कसं सांगू? सांगितलं असतं तर दादा अजून जास्त हरला असता."

बाहेर कुणीतरी शटर वाजवून आज उघडं आहे का म्हणून विचारलं आणि निघून गेलं.

"तू तुझ्या नवांचं त्याला कधी सांगितलंस?" छोटूकाकांनी विचारलं.

"सोळाव्या दिवशी. सोफे नुकतेच आले होते. ते फार खूश झाले. म्हणाले, पीसी जिंकला. आणि तुम्हाला सांगायचं नाही म्हणाले."

छोटूकाका माझ्याकडे पाहत राहिले. त्यांच्या मनात काहीतरी हळूहळू जुळत होतं, मला दिसत होतं.

"म्हणजे तीन वर्षं त्याला वाटत होतं की दुकान त्याचं आहे," ते म्हणाले. "त्यानं जिंकलेलं."

"हो."

"आणि तरी रोज सकाळी खाली यायचा. माझ्यासमोर उभा राहायचा, असा, नोकरासारखा. आणि मला विचारायचा..." त्यांनी जुन्या ओट्याकडे पाहिलं. "विचारायचा, छोटू, आज काय उघडू?"